तीन दिवसांत मुरलेलं लाकूड

मराठी माणसाला लाकडाविषयी एकच प्रश्न विचारता येतो. "सागवान आहे ना?" दार, खिडकी, पलंग, देव्हारा, अगदी पोळपाटसुद्धा टिचकी मारून तो हे विचारतो. उत्तर 'हो' आलं की मान डोलावून पुढच्या खोलीत जातो. 'नाही' आलं तरी पुढच्या खोलीतच जातो, फक्त घरी पोचल्यावर बायकोला सांगतो, "फ्लॅट मोठा आहे गं, पण दारं सागवानाची नाहीत." आंबा, फणस, जांभूळ, आईन, बाभूळ ही झाडं आपल्याकडे सागवान नसल्याची दिलगिरी व्यक्त करण्यासाठीच उगवतात.

हा प्रश्न मराठी मुलखाबाहेरही मराठी माणसाची पाठ सोडत नाही, हे मला सासुरवाडीला कळलं. माझी सासुरवाडी तंजावरची. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तिथे भोसल्यांची गादी मांडली, १८५५ साली इंग्रजांनी संस्थान गिळलं, आणि मधल्या काळात कारकुनी, पंतोजीगिरी, कीर्तन असल्या कामांसाठी तिकडे गेलेली मराठी कुटुंबं परत यायची राहून गेली. ती अजून घरात मराठी बोलतात. ती मराठी आणि माझी मराठी समोरासमोर आल्या की दोघींना एकमेकींचं हसू येतं, मग दोघी मिळून तमिळकडे वळतात आणि मी कॉफी पितो.

बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीतून भिंतीवर कोरून ठेवला आहे. सरफोजीराजांचं काम. माझे सासरे पाहुण्यांना तो शिलालेख दाखवतात तेव्हा मजकुराबद्दल फारसं बोलत नाहीत. "दगडावर लिहिलं म्हणून टिकलं," एवढंच म्हणतात, "लाकडावर लिहिलं असतं तर वाळवीने एकोजीपासून सरफोजीपर्यंत सगळे खाल्ले असते." या उद्गारामागे अनुभव आहे. त्यांच्या घरातलं वाळवीने न चाखलेलं असं फक्त जातं आणि रगडा उरलाय.

घर जुन्या पद्धतीचं. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा, त्यावर लाकडी खांब. आत चौक, चौकाच्या कडेला ऊंजल, म्हणजे पितळी कड्यांचा भला थोरला झोपाळा. आणि बरीच दारं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उन्हाळा कोरडा आणि कडक. मुख्य पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्येकडून. त्यामुळे देवघराचं दार दिवाळीला लागत नाही आणि मे महिन्यात उघडं राहत नाही. सासूबाई दारांची माहिती ऋतूंनुसार देतात. "कोठीचं दार आत्ता ओढू नका जावईबापू, पोंगलनंतर ओढा."

याला दोष दाराचा नाही. लाकूड मेल्यावरही पाणी पीत राहतं. हवा दमट झाली की त्याच्या पेशींच्या भिंती ओल शोषतात, फळी रुंदीत फुगते. हवा कोरडी झाली की आकसते, भेगाळते, कधी पीळ खाते. सुतार याला 'लाकूड खेळतं' म्हणतात. चांगलं मुरलेलं लाकूड कमी खेळतं, पण मुरायला वेळ लागतो, आणि वेळ घेणारी कुठलीही गोष्ट आता दुकानदाराला परवडत नाही.

तर या घराचं मागचं अंगण सुधारायचं ठरलं, तेव्हा माझा मेहुणा बंगळुरूहून पिशवीत लाकडाचे नमुने घेऊन आला. तो वास्तुरचनाकार आहे. वास्तुरचनाकार घरात असला की घर कधी पूर्ण होत नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याने टेबलावर एक गडद तपकिरी, गुळगुळीत फळी ठेवली. सासऱ्यांनी तिला टिचकी मारली.

"सागवान आहे ना?"

"पाइन आहे अप्पा."

शांतता पसरली. पाइन म्हणजे खोक्यांचं लाकूड. परदेशातून यंत्रं येतात तेव्हा त्यांच्याभोवती जे असतं आणि यंत्र बसवल्यावर जे वॉचमन पेटवतो, ते. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर असं दिसलं की मुलाचं शिक्षण, त्यासाठी काढलेलं कर्ज, सगळं एका फळीत वाया गेलं.

मेहुण्याने मग समजावलं. हे पाइन भट्टीतून काढलेलं आहे. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने ही पद्धत बसवली आणि ती 'थर्मोवूड' नावाने जगभर गेली. भट्टीचं तापमान हळूहळू वाढवत आधी लाकडातली ओल जवळजवळ शून्यावर आणतात. मग १८५ ते २१५ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवतात. एवढ्या उष्णतेला लाकूड एरवी पेटू शकतं, म्हणून भट्टीत वाफ कोंडतात आणि प्राणवायूला बाहेर ठेवतात. शेवटी पाण्याचे फवारे मारून निववतात आणि चार ते सात टक्के ओल परत देतात, नाहीतर फळी ठिसूळ होऊन रंध्याखाली तडकायची. सगळं मिळून दोन-तीन दिवसांचं काम. रसायन एक थेंब नाही.

"आणि याने होतं काय?" सासऱ्यांनी विचारलं.

लाकडात सेल्युलोज असतं, लिग्निन असतं आणि हेमिसेल्युलोज नावाचा तिसरा, थोडा कच्चा गडी असतो. पाणी धरून ठेवण्यात हा पुढे, आणि बुरशीचा आवडता घासही हाच. उष्णतेने आधी तो मोडतो. मग फळी पूर्वीइतकी ओल धरू शकत नाही, बुरशीला फारसं खायला मिळत नाही. फुगणं-आकसणं चाळीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होतं. मेहुणा हे तक्ता दाखवून सांगत होता. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे भाजून ठेवलेला रवा. कच्च्याला पोरकिडे होतात, भाजलेल्याला होत नाहीत." मेहुण्याने लॅपटॉप मिटला. संशोधन संस्थेला इतकी वर्षं लागली, कारण त्यांच्याकडे रवा नव्हता.

तशी ही कल्पना फिनलंडच्या बापाची नाही. १९४६ साली अमेरिकेत ॲल्फ्रेड स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड वितळलेल्या धातूखाली बुडवून तापवलं होतं. लाकडाला 'स्टेबवूड' असं नाव दिलं, पण वितळलेल्या धातूचा हंडा घेऊन सुतारकाम करायला कुणी तयार झालं नसावं. जपानात सुगी नावाच्या झाडाच्या फळ्यांचा दर्शनी भाग जाळून कोळसा करतात आणि त्या घराबाहेर लावतात, त्याला याकिसुगी म्हणतात. आपल्याकडे कुंपणाच्या मेढी पुरण्याआधी त्यांची बुडं जाळतात, त्याला काहीच म्हणत नाहीत. जाळणं हे वरवरचं काम, भट्टीचं काम आरपारचं, एवढा फरक. आणि ही विद्या आता परदेशीही राहिलेली नाही. बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेत रबराच्या लाकडावर असे प्रयोग झाले आहेत. पंचवीस-तीस वर्षं चीक देऊन निवृत्त झालेलं झाड, त्याला आता दोनशे अंशांत बसवायचं. पेन्शनचा हा प्रकार फक्त झाडांनाच लागू आहे, अशी आशा करू या.

फिनलंडचे लोक हे लाकूड सौनात लावतात. सौना म्हणजे कपडे काढून मुद्दाम उकडून घ्यायची खोली. तंजावरला मे महिन्यात त्यासाठी वेगळी खोली बांधावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आसारी आले. आसारी म्हणजे सुतार, पण तंजावरच्या बाजूला हा शब्द उच्चारताना लोक किंचित वाकतात. या माणसाचे आजोबा सासऱ्यांच्या आजोबांच्या दारांना शिव्या देत, वडील वडिलांच्या, आणि हे यांच्या. त्यांनी फळी उचलली, टिचकी मारली नाही, नाकाशी नेली.

"कुणाच्या घराला आग लागली होती, सामी?"

वास खरोखर धुराचा आणि जळक्या साखरेचा असतो. काही आठवड्यांनी जातो. मग त्यांनी खिशातून खिळा काढला आणि फळीच्या टोकाजवळ एक घाव घातला. फळी उभी चिरली. आसारींनी दोन्ही तुकडे मेहुण्याच्या हातात अतिशय अदबीने दिले. "तंबी, आता दोन झाल्या."

मेहुणा म्हणाला, आधी भोक पाडायचं असतं, खिळ्याऐवजी स्क्रू लावायचा असतो, तोही स्टेनलेस स्टीलचा, कारण हे लाकूड आम्लधर्मी होतं आणि साधं लोखंड त्यात गंजतं. पांढरा गोंदही सावकाश धरतो, कारण फळी गोंदातलं पाणी पीत नाही, तेव्हा शिकंजा जास्त वेळ ठेवायचा. आसारींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे लाकडाला त्रास होऊ नये म्हणून आधी भाजायचं, आणि भाजल्यावर त्याला त्रास होऊ नये म्हणून मी जपायचं." हे तंत्रज्ञानाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण आसारींचा खरा आक्षेप घाईला होता, आणि तो समजायला नरसिंगमपेट्टैला जावं लागतं. कुंभकोणमजवळचं हे गाव नादस्वरं घडवतं. २०२२ साली त्या नादस्वराला भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड आच्चा, म्हणजे आपल्या खानदेशातला अंजन. ताजा अंजन मात्र चालत नाही. लाकूड पंचाहत्तर-शंभर वर्षं मुरलेलं हवं, आणि ते मिळतं जुन्या घरांच्या खांबांत आणि तुळयांत. इतर गावांत जुनं घर पाडलं की भंगारवाला येतो. या मुलखात नादस्वरवाला येतो. अशा घरात राहणाऱ्या माणसाची मनःस्थिती मी ओळखू शकतो. ओट्यावर पेपर वाचत बसलात आणि रस्त्यावरून जाणारा एक अनोळखी गृहस्थ थांबून तुमच्या पाठीमागच्या खांबाकडे प्रेमाने बघू लागला, तर समजावं की त्याला त्यात तोडी राग ऐकू येतोय. तो तुमच्या तब्येतीची चौकशीही करेल. त्याचा अर्थ लावत बसू नये.

तंजावरची वीणाही तशीच. पण्रुटीकडचा फणस, त्याचं खोड सावलीत वाळवलेलं, मग कोरलेलं. एकाच ओंडक्यातून सगळी वीणा काढली तर तिला एकांड वीणा म्हणतात आणि तिचा भाव ऐकल्यावर बाकीच्या वीणा आपोआप गोड वाजू लागतात. या गावात लाकडाचं वय वाया जात नाही. माणसांच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही.

आता गंमत अशी की भट्टी तेच करते जे काळ करतो. जुनं होताना लाकडातलं हेमिसेल्युलोज वर्षानुवर्षं थोडं थोडं मोडत राहतं. भट्टी ते दोन-तीन तासांत मोडते. म्हणून गिटार बनवणाऱ्या कंपन्यांनी स्प्रूसच्या फळ्या भाजायला सुरुवात केली, नव्या गिटारीला जुन्या गिटारीचा आवाज यावा म्हणून. मेहुण्याने हे सांगितलं तेव्हा आसारी प्रथमच गंभीर झाले. त्यांनी चिरलेल्या फळीला बोटाने ठोकून कानाशी नेलं, बराच वेळ ऐकलं.

"आवाज सुटा आहे," ते म्हणाले. मग लगेच, "पण शंभर वर्षांचं काम तीन दिवसांत केलं तर काहीतरी खाली सांडणारच."

जे सांडतं ते बळ. भाजलेलं लाकूड हलकं होतं आणि वाकवण्याला तोंड द्यायची त्याची ताकद कमी होते, तापमान चढवाल तशी दहा टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत. म्हणून त्याचे खांब, तुळया, वासे, जिन्याच्या पायऱ्यांचे आधार करायचे नसतात. हे बनवणारेही हेच सांगतात. विकणारे कधी कधी विसरतात. मेहुण्याला मात्र या लाकडाचं इतकं प्रेम आलं होतं की त्याने नव्या ऊंजलचं चित्र काढून ठेवलं होतं. भाजलेल्या ॲश लाकडाची सडपातळ फळी, कमीत कमी जोड, 'मिनिमल'.

ऊंजल म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानेच मिनिमल म्हणावं. तंजावरच्या घरात निम्मं आयुष्य त्यावर जातं. लग्नात वधूवरांना त्यावर बसवून झोके देतात, बायका गाणी म्हणतात, भाताचे रंगीत गोळे ओवाळून टाकतात. पण वधूवर हा मुळात हलका भार आहे. खरी कसोटी नंतर, जेवणं झाल्यावर. तेव्हा त्यावर माझ्या बायकोचे मामा बसतात. मामा एकटे बसत नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांचे साडू बसतात, साडूंच्या शेजारी पानाचं ताट, आणि मग मामा पाय जमिनीवर टेकवून एक मागे रेटा देतात, ज्याने पितळी कड्या कण्हतात आणि चौकातली पोरं आपोआप बाजूला होतात. आसारींनी चित्र पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोतल्या मामांकडे पाहिलं, आणि काही न बोलता कागद उलटा ठेवला. जुन्या सागवानी ऊंजलला त्या दिवशी तेल लावलं गेलं.

रथांचंही तेच. २०१५ साली मोठ्या देवळाचा नवा रथ शंभरएक वर्षांच्या खंडानंतर रस्त्यावर आला. तमिळ देवळांच्या रथांना इलुप्पै, म्हणजे मोह, आणि सागवान असली दणकट लाकडं वापरतात. देवाचं वजन कुणी मोजलेलं नाही, पण दोर ओढणाऱ्यांचा उत्साह मोजून आहे.

दुसरी सांडणारी गोष्ट तंजावरला जास्त जिव्हाळ्याची. बुरशीला हे लाकूड भारी पडतं, वाळवीला नाही. वाळवी भाजलेलंही खाते. जमिनीत पुरलं तर सडण्याचीही हमी नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जिथे हजारो मराठी पोथ्याही आहेत, किड्यांसाठी वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवायची चाल आहे. पोथ्या शाबूत आहेत, तेव्हा उपाय लागू पडला असणार. सासऱ्यांनी तोच प्रयोग अंगणातल्या ओंडक्यांवर केला होता. ओंडके गेले. वाळवी मात्र काही दिवस फार सुगंधी होती.

मग हे लाकूड वापरायचं कुठे? जिथे ऊन-पाऊस खायचा आहे पण ओझं उचलायचं नाही, तिथे. मागच्या अंगणातल्या भिंतीला फळ्या, न्हाणीघराच्या खिडकीच्या झडपा, देवघराच्या दाराचा मधला दिला, जिथे आजवर दिवाळी अडत होती. जमिनीपासून वीतभर वर, दगडावर टेकवून, म्हणजे वाळवीने चढायचं ठरवलं तर निदान दिसेल. तंजावर शैलीची चित्रं रंगवणाऱ्यांनाही मी एकदा सुचवून पाहिलं, कारण त्यांच्या फळ्या ओलीने बाक धरतात आणि वरची खडूची उठावदार नक्षी, सोन्याचा वर्ख, सगळं तडकतं. त्यांनी विचारलं, सरस धरेल का? पांढऱ्या गोंदाची गोष्ट आठवून मी गप्प बसलो. सोन्याच्या कामात उधारीची खात्री चालत नाही.

रंगाचं आधीच सांगतो, नंतर भांडण नको. ती सुरेख तपकिरी छटा उन्हात टिकत नाही. अतिनील किरण अडवणारं तेल वेळोवेळी लावलं नाही तर वर्षा-दोन वर्षांत फळी करडी पडते. मेहुणा म्हणतो, ती करडी पडू द्यायची, जगभर तीच फॅशन आहे. सासरे म्हणतात, एवढे पैसे देऊन जुनंपुराणं दिसणारं घर हवं असेल तर ते आमच्याकडे आधीपासून होतं. शेवटी दर्शनी बाजूला तेल, मागच्या बाजूला फॅशन, अशी वाटणी झाली. फळ्या कापताना मात्र तोंडाला फडकं बांधा, भुसा पिठासारखा बारीक उडतो.

देवघराचं दार नवं झाल्यावर पहिल्या पावसात सासूबाईंनी ते तीनदा उघडून-लावून पाहिलं. लागलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. इतकी वर्षं दार अडलं की कुणीतरी पुरुष हाताला लागायचा, त्याला नारळही फोडायला सांगता यायचा. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला ते दार दाखवतात. पाहुणा टिचकी मारून विचारतो, सागवान आहे ना? सासरे म्हणतात, "फिनलंडचं आहे." पाहुणा पुढच्या खोलीत जातच नाही.

तुम्हाला घ्यायचं असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. कोणतं झाड, आणि किती अंशांना भाजलं. फिनलंडच्या पद्धतीत पाइनसारखी लाकडं १९० अंशांना भाजली तर ती 'थर्मो-एस', घरातल्या कामाची. २१२ अंशांना भाजली तर 'थर्मो-डी', बाहेरच्या उन्हापावसाची. आकडा न सांगता तो नुसता 'इंपोर्टेड आहे साहेब' म्हणाला, तर फळी आडवी कापून दाखवायला सांगा. खरं भाजलेलं लाकूड आरपार तपकिरी असतं. आतून पांढरं निघालं तर ते रंगवलेलं खोकं आहे, त्याने देऊ केलेला चहा घ्या आणि घरी या.